‘अनावश्यक अडचण’ : विस्कॉन्सिनमधील सरोवरकाठ आणि नियमातील अपवाद

प्रस्तावना :
अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात सरोवराकाठच्या घराला पाण्याच्या बाजूने लाकडी सज्जा, म्हणजेच ‘डेक’, जोडण्याची पद्धत आहे. असा सज्जा किनाऱ्यालगत बांधावयाचा तर नियमातून सूट मागावी लागे. ही सूट कोणी व कोणत्या कसोटीवर द्यावयाची, या प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा येथे घेतला आहे.

पार्श्वभूमी :
न्यूयॉर्क शहराने १९१६ मध्ये भूवापर-विभागणीचे (झोनिंग) नियम लागू केले. सरसकट नियमामुळे एखाद्या भूखंडावर अन्याय होऊ शकतो, हे ओळखून अपील मंडळाचीही तरतूद करण्यात आली. पुढे १९२० च्या दशकात केंद्रीय वाणिज्य खात्याने राज्यांसाठी नमुना कायदा तयार केला. ‘अनावश्यक अडचण’ असल्यास सूट द्यावी, असे त्यात म्हटले होते. परंतु या शब्दांची व्याख्या दिलेली नव्हती. पुढील वाद या उणिवेतून उद्भवले.

विस्कॉन्सिनच्या १८४८ च्या राज्यघटनेने नौकानयनयोग्य जलमार्ग सर्वांना कायम खुले ठेवले. त्यातूनच जलसंपत्ती ही राज्याकडे असलेली जनतेची ठेव होय, हे तत्त्व विकसित झाले. १९६६ च्या कायद्याने सरोवरापासून १,००० फूट व नदीपासून ३०० फूट क्षेत्रातील ग्रामीण बांधकामांचे नियमन काउंटींवर सोपविले. राज्याच्या मानकानुसार बांधकाम उच्च जलरेषेपासून साधारणपणे ७५ फूट दूर असावे लागे. काठावरील वनस्पती गाळ व फॉस्फरस अडवितात, हे त्यामागील कारण होते. १९७२ मध्ये ‘जस्ट विरुद्ध मॅरिनेट काउंटी’ खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हे नियमन वैध ठरविले.

कसोटीचे स्थित्यंतर :
केनोशा काउंटीतील हूकर सरोवराकाठच्या एका घरमालकास स्थानिक मंडळाने सज्जासाठी सूट दिली. राज्याने तिला आव्हान दिले. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सूट रद्द केली. सुटीवाचून मालमत्तेचा कोणताही वाजवी उपयोग शक्य नसेल, तरच अडचण ‘अनावश्यक’ मानावी, असे न्यायालयाने म्हटले. राहते घर असताना ही कसोटी पूर्ण होणे जवळपास अशक्यच होते.

२००४ मध्ये बिग सीडर सरोवराकाठच्या ‘झीरव्होगेल’ खटल्यात न्यायालयाने अंतर व आकारमानविषयक सुटीसाठी ही कसोटी सोडली आणि १९७६ च्या निर्णयातील सौम्य कसोटी पुन्हा स्वीकारली. त्यानुसार नियमपालन अकारण जाचक ठरत असेल, तर सूट देता येते. मात्र नियमाचा हेतू व लोकहित तपासणे मंडळावर बंधनकारक राहिले.

२०१५ च्या अर्थसंकल्पीय कायद्याने राज्याच्या मानकांहून कडक किनारी नियम करण्याचा काउंटींचा अधिकार काढून घेतला. तसेच नियमाआधीचे वैध बांधकाम मूळ क्षेत्र न वाढविता पुन्हा बांधावयाचे असल्यास काउंटीने परवानगी सक्तीची करू नये, अशी तरतूद केली.

निष्कर्ष :
१९९८ व २००४ चे निर्णय परस्परविरोधी असले, तरी दोहोंत सुनावणी गृहीत होती आणि सुनावणीत सरोवराची बाजू मांडता येत होती. २०१५ नंतर अशा पुनर्बांधणीपुरता तो प्रसंगच उरला नाही. एका सज्जाने सरोवराची हानी होत नाही, हे खरे. परंतु काठावरील प्रत्येक मालक हेच म्हणू शकतो. अपवादांची एकत्रित बेरीज कोणी करावयाची, हा १९१६ पासूनचा प्रश्न म्हणूनच अनुत्तरित राहिला आहे.