एल्व्हिस लंडनला का गेला नाही

एल्व्हिस प्रेस्लीने अमेरिकेबाहेर किती ठिकाणी कार्यक्रम केले? १९५७ मध्ये कॅनडातल्या टोरांटो, ओटावा आणि व्हँकुव्हर या तीन शहरांत. बस्स. पुढे युरोप-जपानमधून मोठमोठ्या रकमांची बोलावणी येत राहिली आणि प्रत्येकाला नकार मिळाला. गायकांच्या तारखा ठरवणं आणि बिदागीची बोलणी करणं हा माझा व्यवसाय. तारीख नाकारायला कारणं असतात: घसा बसलेला असतो, प्रवास झेपत नाही, रक्कम पटत नाही. इथे यातलं काहीच नव्हतं.

मॅनेजर होता ‘कर्नल’ टॉम पार्कर. त्याची कर्नलकी मानद होती, १९४८ मध्ये लुईझियानाच्या गव्हर्नरने बहाल केलेली. मूळ नाव आंद्रियास फान काउक, जन्म १९०९, गाव हॉलंडमधलं ब्रेडा. विशीत तो कागदपत्रांशिवाय अमेरिकेत शिरला आणि जन्मभर त्याने तिथला पासपोर्ट काढला नाही. देश सोडला तर परत येताना बिंग फुटणार, आणि एल्व्हिसला एकटं परदेशी पाठवायचं तर तो दुसऱ्या कुणाच्या हाती लागणार. अभ्यासक हेच कारण देतात आणि मला ते पटतं.

सुरुवातीला त्याने कामगिरी चोख बजावली, हे मान्य केलंच पाहिजे. जत्रेच्या खेळांत तयार झालेला माणूस. गर्दी कशी खेचायची हे त्याला बरोबर कळे. १९५५ मध्ये सन रेकॉर्ड्सकडून आरसीएकडे करार नेताना त्याने ३५,००० डॉलर मिळवून दिले. नवख्या पोरासाठी तेव्हा ही रक्कम अचाट होती.

मग सैन्यातून परतलेल्या गायकाला त्याने सिनेमांना जुंपलं. वर्षाला दोन-तीन चित्रपट, काही तर अडीच-तीन आठवड्यांत उरकलेले, आणि त्यांत भरताड गाणी. १९६१ च्या मार्चपासून १९६९ पर्यंत एल्व्हिसने तिकीट लावून एकही कार्यक्रम केला नाही. बीटल्स आले ते याच काळात. नवी चांगली गाणीही त्याच्यापर्यंत पोहोचेनात, कारण गीतकाराला आपल्या हक्कातला वाटा सोडावा लागे. १९७४ मध्ये डॉली पार्टनकडे ‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’चे निम्मे हक्क मागितले गेले. एल्व्हिसने ते गावं म्हणून ती आसुसलेली होती, तरी तिने नाही म्हटलं. पुढे ते व्हिटनी ह्यूस्टनने गायलं.

१९६८ च्या टीव्ही कार्यक्रमासाठी पार्करला नाताळची गाणी हवी होती. दिग्दर्शक स्टीव्ह बाइंडर अडून बसला, एल्व्हिसनेही त्याला साथ दिली आणि काळ्या चामड्याच्या पोशाखातला तो गायक पुन्हा जिवंत झाला. आजही ते चित्रण पाहताना वाटतं, या माणसाने मॅनेजरचं आणखी चार वेळा ऐकायला नको होतं.

पण ऐकलं. १९६९ मध्ये लास वेगासच्या इंटरनॅशनल हॉटेलात चार आठवड्यांत ५७ कार्यक्रम झाले, आणि त्याच हॉटेलच्या उपाहारगृहात पार्करने टेबलावरच्या गुलाबी कापडावर पुढच्या करारातली कलमं लिहिली: पाच वर्षं, वर्षाला आठ आठवडे, दहा लाख डॉलर. लोक ही गोष्ट कौतुकाने सांगतात. मला त्यातली पाच वर्षं खटकतात. चढत्या गायकाची बिदागी इतक्या मुदतीसाठी आजच गोठवून टाकायची? पार्कर त्याच हॉटेलात जुगारात पाण्यासारखा पैसा घालवत होता, हे लक्षात घेतलं की व्यवहाराचा अर्थ लागतो.

१९७६ च्या ‘अ स्टार इज बॉर्न’मध्ये बार्बरा स्ट्रायसँडला नायक म्हणून एल्व्हिस हवा होता. पार्करच्या मागण्यांपुढे ते फिसकटलं.

सगळ्यात वाईट सौदा मार्च १९७३ चा. तोवरच्या ध्वनिमुद्रणांवरचा एल्व्हिसचा वाटा आरसीएला ५४ लाख डॉलरना कायमचा विकला गेला. पार्करने त्यातले निम्मे घेतले. कंपनीकडून त्याला मिळालेल्या रकमा वेगळ्याच. एल्व्हिस १६ ऑगस्ट १९७७ ला बेचाळिसाव्या वर्षी गेला, तेव्हा दुकानांतल्या त्याच्या रेकॉर्डी हातोहात संपल्या. त्यातल्या बहुतेक गाण्यांच्या विक्रीत त्याच्या नऊ वर्षांच्या मुलीचा वाटा शून्य होता. पुढे न्यायालयाने नेमलेल्या वकिलाने पार्करचं कमिशन अवाजवी ठरवलं. माझ्या मते कमिशन ही दुय्यम बाब. ज्याने गाणी वाढवायची, त्याने ती कायमची विकून टाकायचा कागद गायकापुढे ठेवूच नये. ठेवलाच तर निम्मी रक्कम तरी उचलू नये. पार्करने दोन्ही केलं.