स्फटिक-सममिती आणि विद्युत गुणधर्म

स्फटिकातील अणूंच्या मांडणीच्या सममितीवरून त्याचे विद्युत गुणधर्म कसे ठरतात, याचा अभ्यास करणारा घन-अवस्था भौतिकीतील विषय. स्फटिक ठरावीक अक्षाभोवती फिरवला, त्याचे आरशातले प्रतिबिंब घेतले किंवा प्रत्येक अणू केंद्रबिंदूतून तितकाच पलीकडे नेला आणि तरीही मांडणी जशीच्या तशी राहिली, तर ती क्रिया त्या स्फटिकाची सममिती होय. या क्रियांच्या मेळातून स्फटिकांचे ३२ वर्ग पडतात.

जर्मन शास्त्रज्ञ फ्रान्झ नॉयमान यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तत्त्वानुसार, स्फटिकाच्या भौतिक गुणधर्मांत त्याच्या वर्गाची सममिती असलीच पाहिजे. त्यामुळे एखादा गुणधर्म कोणत्या स्फटिकात संभवतच नाही, हे प्रयोगाआधीच सांगता येते.

खडीसाखर आणि सैंधव दोन्ही स्फटिकच. सैंधवाच्या मांडणीला सममिती-केंद्र असते. ते कितीही दाबले तरी धन व ऋण प्रभारांचे मध्य एकाच जागी राहतात. साखरेच्या स्फटिकाला असे केंद्र नाही. दाबाने त्यातील प्रभारांचे मध्य एकमेकांपासून सरकतात आणि पृष्ठांवर विद्युतप्रभार येतो. याला दाबविद्युत म्हणतात. झाक आणि पिएर क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये क्वार्ट्‌झ, तोरमल्ली, पुष्कराज इत्यादींसह साखरेतही हा परिणाम दाखवला. सममिती-केंद्र नसलेल्या २१ वर्गांपैकी २० वर्गांत दाबविद्युत संभवते. मनगटी घड्याळातील क्वार्ट्‌झची चिमट्याच्या आकाराची पट्टी याच गुणामुळे सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावते.

तापमान बदलले की सममितीही बदलू शकते. बेरियम टायटॅनेट सुमारे १२०° सेल्सिअसच्या वर घनाकृती असते व टायटॅनियमचा आयन सहा ऑक्सिजनांच्या बरोबर मधोमध बसतो. त्याखाली तो किंचित एका बाजूला सरकतो आणि स्फटिकात कायमचे ध्रुवण निर्माण होते, म्हणजे धन व ऋण प्रभारांचे मध्य दाबाशिवायही वेगळे राहतात.

इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापट्टांनाही, म्हणजे त्यांना शक्य असलेल्या ऊर्जांच्या पट्ट्यांनाही, सममितीचा हाच न्याय लागू पडतो. ग्रॅफीन या कार्बनच्या एकाच अणुथराच्या षट्‌कोनी जाळीत शेजारचे दोन्ही अणू कार्बनचे, म्हणजे अदलाबदल केली तरी फरक पडत नाही. ही समानता असल्यामुळे दोन ऊर्जापट्ट काही बिंदूंवर एकमेकांना टेकतात. भौतिकशास्त्रज्ञ पी. आर. वॉलेस यांनी हे गणित १९४७ मध्येच मांडले होते. तशाच जाळीत एका जागी बोरॉन आणि दुसऱ्या जागी नायट्रोजन आला की ती समानता संपते. पट्टांमध्ये सुमारे ६ इलेक्ट्रॉन व्होल्टची फट पडते आणि पदार्थ निरोधक ठरतो.

मॉलिब्डेनम डायसल्फाइडमध्ये दाबविद्युत मिळेल की नाही, यासाठी थरांची संख्याच निर्णायक ठरते. एका थराला सममिती-केंद्र नसते. दुसरा थर उलट्या दिशेने बसला की जोडीला ते मिळते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हे पापुद्रे ताणून पाहिले, तेव्हा विषम थरांच्या नमुन्यांतून वीज मिळाली, सम थरांच्या नमुन्यांतून मिळाली नाही.