मोकळ्या लहरी, बंद परवाने

बोईसर ते मनोर या पट्ट्यात टेलिफोनच्या केबल जोडण्यात माझी नोकरी गेली. पावसाळ्यात जोडाच्या खड्ड्यात पाणी भरे. ते उपसायचं, जोड उघडायचा, हिरव्या पडलेल्या तारा कापायच्या आणि रंग पाहून एकेक जोडी पुन्हा पिळायची. एवढं करूनही केबल रस्त्याकाठच्या वस्तीशीच थांबे. आमच्याकडचं गाव म्हणजे लांब लांब विखुरलेले पाडे. दहा घरांसाठी एवढा चर कोण खणणार? तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ पासून वीज देतंय, शेजारी एमआयडीसी वाढली, पण पूर्वेकडच्या पाड्यावरचा माणूस मोबाइल आल्यावरही रेंजसाठी टेकाड चढत होता.

म्हणून आमच्या पालघर जिल्ह्यातल्या खामलोली गावातला इंटरनेटचा प्रयोग मला मोलाचा वाटतो. मुंबई आयआयटीतले प्रा. अभय करंदीकर आणि त्यांचे सहकारी आभाळातली रिकामी जागा मोजत होते. ४७० ते ५९० मेगाहर्ट्झच्या टीव्ही पट्ट्यात १५ चॅनेल बसतात, आणि जमिनीवरून प्रक्षेपण करत होतं ते फक्त दूरदर्शन. देशभरच्या प्रक्षेपकांचा हिशेब मांडल्यावर दिसलं, की जवळजवळ सगळीकडे १५ पैकी किमान १२ चॅनेल मोकळेच आहेत. हा हिशेब २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. टीव्ही पट्ट्यातल्या लहरी झाडोऱ्याला फारशा अडत नाहीत. खामलोली आणि आसपासच्या गावांत त्यांच्यावरून इंटरनेट पोचवून दाखवलं गेलं.

अडलं ते परवान्यापाशी. टीव्हीच्या रिकाम्या चॅनेलवर सरसकट इंटरनेट चालवायची मुभा नव्हती. मग ‘ग्राममार्ग’ या त्यांच्या प्रकल्पाच्या पुढच्या टप्प्यात जिल्ह्यातली २५ गावं परवानामुक्त ५.८ गिगाहर्ट्झवर जोडली. या लहरींना दोन्ही टोकं एकमेकांना दिसावी लागतात. उन्हाळ्यात उघड्या सागांमधून दिसणारा मनोरा पावसाळ्यात पानांआड जातो. म्हणजे खांब आणखी उंच हवा, खर्च वाढला. तरीही काम उभं राहिलं, आणि २०१७ मध्ये त्याला मोझिलाच्या स्पर्धेत सव्वा लाख डॉलरचं पहिलं बक्षीस मिळालं.

मोकळ्या लहरींचा उपयोग इंटरनेटपुरताच नाही. संगणक सगळीकडे पसरतील आणि जाणवणारही नाहीत, असं संगणकशास्त्रज्ञ मार्क वायझर यांनी १९९१ मध्ये लिहिलं होतं. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झ आणि ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हे पट्टे २००५ मध्ये परवानामुक्त झाले, तेव्हा छोट्या बिनतारी सेन्सरांना वाट मिळाली. त्याच सुमारास मुंबई आयआयटीतच प्रा. उदय देसाई यांच्या गटाने नाशिकच्या द्राक्षबागेत सेन्सरांचं जाळं मांडलं आणि कोकण रेल्वेवरच्या दरडींची पूर्वसूचना देणाऱ्या जाळ्याचा आराखडा केला.

आता अशा जाळ्यांची गरज आमच्या दाराशी आहे. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीची जमीन हादरत राहिली आणि तिथे भूकंपमापक बसवावे लागले. भूकंप असो, नदीचं पाणी असो की कारखान्याचा धूर, पाड्यावर मोजलेला आकडा वेळेत बाहेर पडला तरच उपयोगाचा. यंत्रं स्वस्त होतच राहतील. पण लहरी कोणाला द्यायच्या हे दिल्लीत ठरतं, आणि तिथे लिलावाच्या रकमेइतकंच वजन पाड्यांच्या गरजेलाही मिळालं पाहिजे. त्या लहरी सार्वजनिक मालकीच्या आहेत. पाड्यावरच्या माणसाचाही त्यांवर तेवढाच हक्क आहे.