जुना फुल फ्रेम कॅमेरा : घ्यावा की टाळावा?

गणेशोत्सवापूर्वीचे शनिवार-रविवार आले, की परळच्या कार्यशाळांतून निघणारे आगमन सोहळे टिपण्यासाठी लालबाग-परळच्या रस्त्यांवर तरुण छायाचित्रकारांची झुंबड उडते. गिरगावातील गुढीपाडव्याची शोभायात्रा आणि चौपाटीवरील अनंत चतुर्दशीचे विसर्जन हेही त्यांच्या वार्षिक वेळापत्रकातील ठरलेले दिवस. मोबाइलवर किंवा साध्या डीएसएलआरवर हात बसला, की बहुतेकांना फुल फ्रेम कॅमेऱ्याची ओढ लागते. नवा कॅमेरा आवाक्याबाहेर असतो. मग छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोरील बोरा बाजार आणि दादाभाई नौरोजी मार्गावरील दुकानांकडे पावले वळतात. तेथे आणि खासगी विक्रेत्यांकडे दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे नामवंत कॅमेरे मूळ किमतीच्या लहानशा हिश्शात मिळतात. मात्र लग्नाच्या दोन-चार ऑर्डरींवर वर्ष काढणाऱ्यासाठी ती रक्कमही लहान नसते. त्यामुळे खरेदीपूर्वी काही गोष्टी समजून घेणे हिताचे ठरते.

फुल फ्रेम म्हणजे काय?

ज्या कॅमेऱ्याचा सेन्सर जुन्या 35 मिमी फिल्मच्या चौकटीएवढा, म्हणजे 36 बाय 24 मिमी असतो, तो फुल फ्रेम. त्याचे क्षेत्रफळ 864 चौरस मिमी भरते. सर्वसाधारण डीएसएलआरमधील एपीएस-सी सेन्सर निकॉनमध्ये सुमारे 367 आणि कॅननमध्ये सुमारे 332 चौरस मिमीचा असतो. म्हणजे फुल फ्रेमला जवळजवळ अडीचपट जागा मिळते. अधिक प्रकाश गोळा होतो, पार्श्वभूमी अधिक धूसर करता येते आणि लेन्सचा पूर्ण कोन वापरता येतो. कॅननच्या लहान सेन्सरवर 24 मिमीची लेन्स सुमारे 38 मिमीसारखी वागते. चाळीच्या अरुंद गॅलरीत किंवा मंडपाच्या दाटीत हा फरक लगेच जाणवतो.

याची दुसरी बाजूही आहे. चौपाटीवर दूरच्या मूर्तीचा चेहरा टिपायचा असेल, तर लहान सेन्सरच सोयीचा. त्यावर 200 मिमीची लेन्स 300 किंवा 320 मिमीचे काम करते. भर उन्हातील शोभायात्रेच्या छायाचित्रांत दोन्ही कॅमेऱ्यांमधील फरक सामान्य वाचकाला ओळखूही येत नाही.

कोणता कॅमेरा कशासाठी?

कॅनन 5डी हा 2005 साली आला. 12.8 मेगापिक्सेलच्या या कॅमेऱ्याने फुल फ्रेम प्रथमच हौशी छायाचित्रकारांच्या टप्प्यात आणला. त्याचे रंग आजही नावाजले जातात. पण त्यात व्हिडिओ नाही, लाइव्ह व्ह्यू नाही आणि सेन्सर आपोआप साफ करण्याची सोयही नाही. नेहमीचा आयएसओ 1600 पर्यंतच जातो. आजचा लहान सेन्सरचा नवा कॅमेराही रात्रीच्या प्रकाशात त्याला मागे टाकू शकतो. 'फुल फ्रेम म्हणजे अंधारात उत्तम' हे समीकरण जुन्या कॅमेऱ्यांना सरसकट लागू होत नाही, हे ध्यानात ठेवावे.

2008 साली दोन महत्त्वाचे कॅमेरे आले. 21.1 मेगापिक्सेलच्या कॅनन 5डी मार्क टूने फुल एचडी व्हिडिओ दिला. मात्र त्याच्या नऊ फोकस बिंदूंपैकी मधलाच खऱ्या अर्थाने भरवशाचा. 12.1 मेगापिक्सेलच्या निकॉन डी700 मध्ये 51 फोकस बिंदू आणि दणकट बांधणी आहे, पण व्हिडिओ नाही. 2012 सालच्या कॅनन 6डीचा मधला बिंदू अतिशय कमी प्रकाशातही फोकस पकडतो. 2014 सालचा निकॉन डी750 हा 51 बिंदू, दोन एसडी कार्डे आणि व्हिडिओ यांमुळे अष्टपैलू मानला जातो. 2013 सालचा सोनी ए7 हलका, बिनआरशाचा. परंतु त्याची बॅटरी लवकर संपते. मिरवणुकीच्या दिवशी तीन-चार बॅटऱ्या जवळ ठेवाव्या लागतात.

काही मॉडेलांचे ज्ञात दोषही आहेत. पहिल्या 5डीचा आरसा चिकटवलेल्या जागेवरून निसटत असे. कंपनीने तो मोफत दुरुस्त करून दिला होता. निकॉन डी600 च्या सेन्सरवर डाग साचत. 2014 साली कंपनीने त्याचे शटर मोफत बदलून देण्याचे जाहीर केले. डी750 च्या काही तुकड्यांसाठीही शटर आणि प्रकाशाच्या चकाकीबाबत मोफत दुरुस्ती झाली. या दुरुस्त्या झाल्या आहेत का, हे विक्रेत्याला आवर्जून विचारावे.

हातात घेतल्यावर काय तपासावे?

* शटर काउंट : शटर किती वेळा उघडले, याचा हा आकडा. 5डी आणि 6डीचे शटर कंपनीने एक लाखासाठी, तर 5डी मार्क टू, डी700 आणि डी750 यांचे दीड लाखासाठी तपासलेले आहे. ही हमी नव्हे, अंदाज होय. निकॉनमध्ये हा आकडा छायाचित्राच्या माहितीतच सापडतो. कॅननच्या जुन्या कॅमेऱ्यांत तो तसा मिळत नाही.
* सेन्सर : एफ 16 वर पांढऱ्या भिंतीचे किंवा मोकळ्या आकाशाचे छायाचित्र काढून संगणकावर पाहावे. धुळीचे ठिपके साफ होतात, ओरखडा जात नाही. लेन्सवर झाकण लावून 30 सेकंदांचे छायाचित्र काढल्यास बिघडलेले पिक्सेल चमकणाऱ्या ठिपक्यांसारखे दिसतात.
* शटरचा वेग : सर्वांत जलद वेगावर काढलेल्या छायाचित्राच्या एका कडेला काळी पट्टी दिसली, तर शटर थकले आहे असे समजावे.
* कार्डाची खाच : जुन्या कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डाच्या खाचेतील बारीक पिना वाकलेल्या नाहीत ना, हे विजेरीने पाहावे.
* फोकस : एकाच वस्तूवर निरनिराळे बिंदू वापरून पाहावेत.
* बुरशी : मुंबईच्या दमट हवेत लेन्सला बुरशी लागणे नेहमीचेच. लेन्समधून विजेरीचा झोत टाकल्यास कोळिष्टकासारख्या रेषा दिसतात. अशी लेन्स स्वस्तातही घेऊ नये.

बॉडी स्वस्त, पण...

खरा हिशेब येथेच चुकतो. कॅननच्या ईएफ-एस लेन्स फुल फ्रेमवर बसतच नाहीत. निकॉनच्या डीएक्स लेन्स बसतात, परंतु तेव्हा कॅमेरा सेन्सरचा मधला भागच वापरतो; डी700 वर केवळ सुमारे पाच मेगापिक्सेल उरतात. म्हणजे लेन्स नव्याने घ्याव्या लागतात. त्यात बॅटरी, कार्ड आणि संभाव्य शटरबदल यांचा खर्च मिळवून मगच नव्या कॅमेऱ्याच्या किमतीशी तुलना करावी. सुटे भाग अद्याप मिळतात का, हे पैसे देण्यापूर्वी अधिकृत सेवा केंद्रात विचारावे. 2018 पासून कॅनन आणि निकॉन या दोघांनीही बिनआरशाच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यांची नवी माळ सुरू केली. जुन्या लेन्स अॅडॅप्टरने त्यांवर चालतात. अपवाद निकॉनच्या ज्या जुन्या लेन्सना स्वतःची मोटार नाही त्यांचा. त्यांचा फोकस हातानेच करावा लागतो.

कागदपत्रांबाबतही ढिलाई नको. मूळ बिल आणि त्यावरील क्रमांक कॅमेऱ्याच्या तळावरील क्रमांकाशी जुळवावा. मूळ बिल नसेल, तर विक्रेत्याच्या ओळखपत्राची प्रत आणि सहीची पावती घ्यावी. चोरीची वस्तू जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 नुसार गुन्हा आहे.

अखेर निर्णय

रात्रीचे आगमन सोहळे, लग्नसमारंभ आणि व्यक्तिचित्रे हे मुख्य काम असेल आणि फुल फ्रेमला चालणारी एखादी 50 मिमीची लेन्स आधीच हाताशी असेल, तर 6डी किंवा डी750 सारखा सुस्थितीतील कॅमेरा आजही पैसे वसूल करून देऊ शकतो. शिकण्याच्या आणि छंदाच्या आनंदासाठी 5डी किंवा डी700 घेण्यासही हरकत नाही. मात्र व्हिडिओवर पोट असेल, किंवा दिवसाउजेडी दूरची दृश्ये टिपायची असतील, तर तेच पैसे आहे त्या कॅमेऱ्यासाठी चांगल्या लेन्सवर खर्च करणे शहाणपणाचे. आणि कोणताही कॅमेरा घेतला, तरी पावसाळ्यात तो कपाटातील कातडी पिशवीत कोंडून न ठेवता सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवावा.