सजीवांचे संघटनस्तर

सजीवांच्या शरीरात अणू, रेणू, पेशी, ऊतक, अवयव आणि अवयवसंस्था अशी चढती रचना आढळते. रक्ताच्या उदाहरणाने ती नीट उलगडते. हीमोग्लोबिनच्या एका रेणूत चार प्रथिन-शृंखला असून प्रत्येकीतील हीम गटात लोहाचा एक अणू असतो. ऑक्सिजन धरतो तो हाच. एका तांबड्या पेशीत असे सुमारे २७ कोटी रेणू मावतात. माणसात या प्रौढ पेशीला केंद्रकही नसते, तरी ती सुमारे १२० दिवस टिकते. द्रव असूनही रक्ताची गणना संयोजी ऊतकात होते. हृदय, रक्तवाहिन्या व रक्त मिळून रक्ताभिसरण संस्था बनते.

खालच्या स्तरावरचा किरकोळ बदलही वरपर्यंत पोहोचतो. आईवडील दोघांकडून सदोष जनुक आले, की बीटा शृंखलेत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते. मग ऑक्सिजन कमी पडताच पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक वाहिन्या तुंबतात आणि प्लीहा, मूत्रपिंड, मेंदू यांना इजा होते. हा सिकलसेल आजार विदर्भातील व नंदुरबारकडील काही समाजांत विशेष आढळतो.

अमीबा पेशीस्तरावरच थांबतो. त्याला अपूर्ण म्हणणे मात्र गैर. विषाणू तर या चौकटीत बसतच नाहीत.