आबांची पाणंद

आपल्या शाळेच्या मागच्या पाणंदीने समुद्रावर गेला नाही असा विद्यार्थी एकाही बॅचमध्ये सापडणार नाही. दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, मधून जेमतेम बैलगाडी जाईल एवढी वाट, शेवटी सुरूची झाडे आणि मग एकदम उजेड. ही वाट आज आहे, पण ती आपोआप राहिलेली नाही. ती राहण्यात ज्यांचा वाटा सर्वांत मोठा, ते रापणीचे आबा दोन वर्षांपूर्वी गेले. नाव छापू नये अशी घरच्यांची इच्छा आहे, आणि आपल्याला त्याची गरजही नाही. आबा म्हटले की गावात एकच.

आपल्यापैकी अनेकांची मुले शहरात आणि परदेशात वाढली, त्यांच्यासाठी रापण म्हणजे काय ते आधी सांगते. होडीतून जाळे नेऊन किनाऱ्यासमोर अर्धवर्तुळात सोडायचे, दोन्ही टोकांचे दोर वाळूवर आणायचे आणि तीस-चाळीस माणसांनी ते हळूहळू ओढत जाळे बाहेर काढायचे. ट्रॉलरला खोल पाणी लागते, बंदर लागते. रापणीला किनारा लागतो: ओढायला मोकळी वाळू, जाळी सुकवायला जागा, आणि मासळी खराब व्हायच्या आत बाजार गाठायला वाट. अर्धा धंदा पाण्यात, अर्धा वाळूत. दोराला हात लावणाऱ्याला चार मासे द्यायचे, ही जुनी रीत. शाळा बुडवून दोर ओढलेल्या आणि तारल्या घेऊन घरी गेलेल्या मंडळींनी स्नेहमेळाव्यात हात वर करावेत, सर आता रागावणार नाहीत.

शेजारच्या शिरोड्याला १९३० च्या मे महिन्यात मिठाचा सत्याग्रह झाला, हे आपण इतिहासाच्या तासाला शिकलो. त्याच समुद्रावर नंतर झालेल्या दुसऱ्या झगड्याबद्दल पुस्तकात ओळही नव्हती. १९७० च्या दशकात यांत्रिक ट्रॉलर कोळंबीसाठी किनाऱ्याच्या अगदी जवळ येऊ लागले आणि रापणकारांची जाळी रिकामी यायला लागली. गोव्यात रापणकार रस्त्यावर उतरले. त्यांचे नेते माथानी साल्ढाणा पेशाने शिक्षक होते. गोव्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८० साली आला आणि किनाऱ्यापासून पाच किलोमीटरपर्यंतचे पाणी पारंपरिक मच्छीमारांसाठी राखले गेले. महाराष्ट्राचा कायदा १९८१ चा, आपल्याकडे मर्यादा अंतरावर नाही, खोलीवर, वावांत मोजतात. कायद्यांचे पालन किती होते हा वेगळा विषय. तरुणपणी आबा या आंदोलनाच्या सभांना पायी सीमा ओलांडून जात, आणि तिथून त्यांनी एक गोष्ट पक्की आणली: तोंडी हक्काला कचेरीत किंमत नाही, कागद लागतो. आबा स्वतः चौथी शिकलेले.

त्या वेळी भांडण पाण्याचे होते. वाळूचे भांडण पर्यटनाबरोबर आले. १९८१ च्या नोव्हेंबरमध्ये इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत बांधकाम नको असे कळवले होते. त्यातूनच पुढे १९ फेब्रुवारी १९९१ ची सीआरझेड अधिसूचना आली. दोन हॉटेलांच्या मध्ये लोकांना समुद्रावर जाण्यासाठी किमान २० मीटर जागा सोडावी, अशी अट तीत आहे. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला आणि किनाऱ्यालगतच्या माडांच्या बागांना एकाएकी भाव आला. आपल्याकडची एक बाग बाहेरच्या एका खरेदीदाराने घेतली. २००० च्या सुरुवातीला पाणंदीच्या तोंडाशी लोखंडी फाटक उभे राहिले.

खरेदीदाराचे म्हणणे ऐकायला बरे होते. वाळू सरकारची, तिथे कोणीही यावे, फक्त आमच्या जागेतून नको. आमच्या क्षेत्रात असे रोज घडते: सर्व्हर व्यवस्थित चालू असतो, पण पोर्ट बंद. वापरणाऱ्याच्या दृष्टीने सर्व्हर बंदच. आबांनी हेच कमी शब्दांत सांगितले होते, "दर्यो खंय जावचो नाय. जातली ती वाट."

गाव एकजुटीने उभा राहिला असे लिहिले तर छान दिसेल, पण तसे झाले नाही. हॉटेल आले तर पोरांना नोकऱ्या मिळतील, म्हातारा आडवा येतो, असे म्हणणारे बरेच होते आणि त्यांची गरजही खोटी नव्हती. आबांचा स्वभावही मऊ नव्हता. पाणंदीच्या तोंडावर टपरी टाकणाऱ्या सख्ख्या पुतण्याला त्यांनी पूर्वीच हाकलले होते, आणि ते घर पुढे त्यांच्याशी कधी बोलले नाही.

मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, सुट्टीत घरी आले होते. आबांनी मला लेखनिक म्हणून धरले. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ हे नाव मी त्यांच्या ओटीवर पहिल्यांदा ऐकले. त्याच्या कलम ५ खाली वहिवाटीची वाट अडवली तर थेट तहसीलदाराकडे दाद मागता येते आणि वकील करावाच लागतो असे नाही. पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत अर्ज हवा. त्या कलमात शेती, कुरण, झाडे, पीक यांच्या जोडीने मासेमारीच्या जागांचाही उल्लेख आहे. इंग्रजांच्या काळात तो शब्द कोणी घातला असेल, त्याचे आबांना फार कौतुक होते. पाचवा महिना संपता संपता अर्ज दाखल झाला.

प्रश्न होता पुराव्याचा. गावनकाशावर पाणंद नव्हती. गाबीतवाड्यातल्या म्हाताऱ्यांनी जबाब दिले, डोक्यावर टोपली घेऊन आयुष्यभर याच वाटेने गेलो म्हणून. समोरची बाजू म्हणाली, ही सगळी एकाच जमातीची माणसे. तेव्हा आपल्या भूगोलाच्या सरांनी शाळेच्या कपाटातून १९७४ ची सूचना वही काढून दिली. सातवीचा वर्ग रापण पाहायला मागच्या पाणंदीने समुद्रावर जाईल, पाण्यात कोणी उतरू नये, अशी त्यात नोंद आणि खाली मुख्याध्यापकांची सही. सव्वीस वर्षांपूर्वीचा, या भांडणाशी संबंध नसलेला कागद. निकाल पुढच्या वर्षी लागला आणि फाटक निघाले. खरेदीदाराने वर दाद मागितली, शेवटी तडजोड झाली आणि पाणंद राहिली, पण पूर्वीपेक्षा अरुंद. जाळ्याचा टेम्पो आज तिथून जात नाही. आबांना ही तडजोड शेवटपर्यंत पटली नव्हती.

२० जानेवारी २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'फोमेंतो रिसॉर्ट्स विरुद्ध मिंगेल मार्टिन्स' या खटल्याचा निकाल दिला. दोना पावलजवळच्या वायंगिणी किनाऱ्याची वाट हॉटेलमुळे अडत होती. नैसर्गिक संपत्तीचे सरकार मालक नसून विश्वस्त आहे, हे तत्त्व न्यायालयाने १९९६ मध्ये बियास नदीच्या प्रकरणात मांडले होते, तेच इथे किनाऱ्याला लावले आणि लोकांची वाट मोकळी ठेवायला सांगितले. हॉटेलच्या वाढीव बांधकामाविरुद्धचा आदेशही कायम राहिला. ती इमारत वाचवण्यासाठी गोवा सरकारने त्याच वर्षी भूसंपादन कायदाच दुरुस्त करून घेतला, हेही इथे लिहायला हवे. चतुर्थीला घरी गेल्यावर मी आबांना निकाल मराठीतून समजावून सांगितला. ते बिडी पेटवत म्हणाले, "म्हणजे आमी सांगत होतो, ताच मां?"

आबांच्या मागे रापण आता वर्षातून मोजके दिवस लागते. बाग पुन्हा विकली गेली आहे. तडजोडीत सुटलेली वाट ग्रामपंचायतीच्या रस्त्यांच्या नोंदवहीत अजून चढलेली नाही, आणि नव्या मालकाशी बोलणी नोंद असलेल्या वाटेवरून होणे बरे. सूचना वहीचे ते पान मी स्कॅन करून ठेवले आहे. तुमच्यापैकी कोणाकडे १९९० पूर्वीचे वनभोजनाचे, सहलीचे किंवा किनारा सफाईचे फोटो असतील आणि मागे ते दोन गडगे दिसत असतील, तर मागच्या बाजूला वर्ष आणि वर्ग लिहून मेळाव्याला घेऊन या. मी स्कॅनर आणते आहे, मूळ फोटो तिथल्या तिथे परत मिळेल.