काउंटी कौन्सिल, स्त्रिया आणि एक कादंबरी

ब्रिटिश लोकशाहीचा इतिहास वाचताना आपली दृष्टी प्रायः वेस्टमिन्स्टरवर खिळलेली असते. १८३२ चा सुधारणा कायदा, १९१८ चा स्त्रियांचा मताधिकार हे टप्पे विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतात. मात्र रस्ते, पूल, मनोरुग्णालये यांचा कारभार कोणाच्या हाती होता, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. इंग्रजी कादंबरीच्या अभ्यासकाला तो टाळता येणार नाही, असे आम्हांस वाटते.

१८८८ पूर्वी इंग्लंडच्या ग्रामीण भागात हा कारभार न्यायदंडाधिकाऱ्यांकडे होता. दर तिमाहीस भरणाऱ्या त्यांच्या सभेत न्यायनिवाडाही होई आणि काउंटीचा करही ठरे. ही मंडळी बहुधा जमीनदार. त्यांना कोणी निवडून दिलेले नसे. 'मिडलमार्च'मधील मिस्टर ब्रुक हा त्याच वर्गातला. लॉर्ड सॉल्सबरी यांच्या हुजूरपक्षीय सरकारने १८८८ च्या कायद्याने ही प्रशासकीय सत्ता लोकनियुक्त काउंटी कौन्सिलांकडे सोपविली आणि जानेवारी १८८९ मध्ये पहिल्या निवडणुका झाल्या.

कर भरणाऱ्या अविवाहित स्त्रिया व विधवा या निवडणुकांत मत देऊ शकत होत्या. त्यांना उभे राहता येईल काय, हे मात्र कायद्याने स्पष्ट केले नव्हते. या संदिग्धतेचा लाभ घेऊन लंडनमध्ये जेन कॉब्डेन व लेडी सँडहर्स्ट उभ्या राहिल्या आणि दोघीही निवडून आल्या. सँडहर्स्टबाईंच्या पराभूत प्रतिस्पर्ध्याने न्यायालयात धाव घेतली. बाईंची निवड रद्द होऊन जागा त्याला मिळाली. जेन कॉब्डेन यांच्या निवडीस मुदतीत कोणी आव्हान दिले नाही. वर्षभर थांबून त्यांनी कामात भाग घेताच त्यांच्यावर खटला भरला गेला. १८९१ मध्ये न्यायालयाने ठरविले, की त्यांचे सदस्यत्व अबाधित आहे, परंतु सदस्य म्हणून काम केल्यास त्या दंडास पात्र आहेत! आपल्या मतदारांनी निवडून दिलेली ही बाई उर्वरित मुदत न बोलता, मत न देता सभागृहात बसून राहिली. त्रिशंकू अवस्था ती हीच. ही कोंडी फुटायला १९०७ चा कायदा यावा लागला.

त्यानंतरच्या पिढीत यॉर्कशायरच्या ईस्ट रायडिंग काउंटी कौन्सिलवर ॲलिस होल्टबी या पहिल्या स्त्री आल्डरमन झाल्या. आल्डरमन म्हणजे निर्वाचित सभासदांनी स्वतः निवडलेला ज्येष्ठ सदस्य. त्यांची कन्या विनिफ्रेड हिची 'साउथ रायडिंग' ही कादंबरी तिच्या मृत्यूनंतर १९३६ मध्ये प्रकाशित झाली. तिचे आठ भाग शिक्षण, रस्ते व पूल, सार्वजनिक आरोग्य अशा कौन्सिलच्या विषयांवर बेतलेले आहेत आणि प्रत्येकाच्या आरंभी कौन्सिलच्या कल्पित इतिवृत्ताचा उतारा आहे. या रचनेतच लेखिकेची भूमिका आहे. इतिवृत्तात एका ओळीत संपणारा ठराव पुढील पानांत कोणाचे शिक्षण, कोणाचे आजारपण, कोणाचे घर होऊन अवतरतो. मिसेस बेडोज ही वृद्ध आल्डरमनबाई भाषणे ठोकणारी नायिका नव्हे. शेजाऱ्यांची गाऱ्हाणी ऐकून समितीत बसणारी ती कारभारीण आहे. जेन कॉब्डेन यांच्यावर लादलेल्या मौनाची आठवण ठेवून वाचल्यास तिचे साधे मतदानही आपल्याला वेगळे दिसू लागते.

हे जग वास्तवाच्या फार जवळचे होते, म्हणूनच की काय, खुद्द ॲलिसबाईंचा या कादंबरीच्या प्रकाशनास विरोध होता. मैत्रीण व्हेरा ब्रिटन हिच्या आग्रहामुळे ती वाचकांपर्यंत पोहोचली.

१९७२ च्या कायद्याने, १९७४ पासून, काउंटी कौन्सिलांतील आल्डरमनची पदे व यॉर्कशायरचे जुने रायडिंग मोडीत निघाले. ईस्ट रायडिंग तेवढे १९९६ मध्ये नव्या रूपात परतले. सत्तेच्या रचना अशा बदलत राहतात. पण गटार, शाळा आणि दवाखाना यांविषयीचा निर्णय हाही कादंबरीचा गाभा होऊ शकतो, हे होल्टबीने दाखवून दिले. सामाजिक कादंबरी शिकविताना आपण तिच्यातील नायकांबरोबरच तिच्यातील समित्याही वाचावयास हव्यात.